मोजलेलं नाटक

मराठी नाटकवाल्यांना आकड्यांचं वावडं कधीच नव्हतं. वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की नाटकाच्या नावाच्या शेजारी प्रयोगाचा क्रमांक दिसतो. शंभरावा प्रयोग म्हणजे समारंभ, पाचशेवा म्हणजे पाहुणे, सत्कार आणि भाषणं. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रशांत दामले यांनी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात कारकिर्दीतला १२,५००वा प्रयोग केला, तेव्हा सगळीकडे चर्चा होती ती त्या आकड्याची. दुसऱ्या कोणत्या रंगभूमीवर एका नटाचे प्रयोग इतक्या जिव्हाळ्याने मोजले जात असतील, अशी मला शंकाच आहे.

पण याच रंगभूमीला जरा वेगळे प्रश्न विचारून पाहावेत. बोलपट आल्यानंतर नाटक मंडळ्यांचे दौरे आधी कोणत्या गावांतून आटले? किर्लोस्करांपासून गडकऱ्यांपर्यंत संगीत नाटकातल्या गद्याचं आणि पदांचं प्रमाण कसं बदलत गेलं? नायिकाप्रधान म्हणून गाजलेल्या नाटकांत नायिकेच्या वाट्याला बोलणं किती येतं? उत्तरं लगेच मिळतात, ठामपणे मिळतात, आणि बहुतेकदा ती आठवणीवर उभी असतात. आठवणी खोट्या असतात असं नाही. पण त्या गाजलेल्यांच्या असतात. आठ प्रयोगांत बंद पडलेल्या नाटकाची आठवण लिहायला कोणी बसत नाही.

नाटकाच्या अभ्यासातल्या डिजिटल पद्धती म्हणजे काय, तर असे प्रश्न मोजता येतील अशा रीतीने मांडणं आणि मग खरोखर मोजणं. संहितेतलं कोण, कधी, कोणाशी, किती बोलतो हे टिपणं. प्रयोग कुठे, केव्हा, कोणत्या नटसंचात, किती उत्पन्नाचा झाला याच्या नोंदी एकत्र करणं. चित्रफितीतल्या हालचाली तपासणं. यंत्र नाटकाचा आस्वाद घेणार आहे, अशी भीती कोणाला वाटत असेल तर ती सोडून द्यावी. त्याला तसली हौस नाही. मला स्वतःला या पद्धतींतलं मोलाचं काही वाटत असेल, तर ती त्यांची कटकट. मोजण्यापूर्वी त्या आपल्याला सांगायला लावतात की ‘पात्र’ म्हणजे नेमकं कोण, ‘प्रवेश’ कुठे संपला, ‘प्रयोग’ कशाला म्हणायचं. मराठी नाटकाच्या बाबतीत ही उत्तरं देता देताच निम्मा अभ्यास होऊन जातो.

कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. रशियातले बोरिस यारखो हे १९३०च्या दशकात पाच अंकी शोकांतिका घेऊन बसले आणि प्रत्येक प्रवेशात किती माणसं बोलतात हे हाताने मोजत गेले. एक बोलणारा असलेले प्रवेश किती, दोघांचे किती, तिघांचे किती. अभिजात फ्रेंच पद्धतीच्या शोकांतिकेत बोलणाऱ्यांची संख्या दोनाच्या आसपास घुटमळते. रोमँटिक नाटकात ती पसरते, कधी एकटं स्वगत, कधी भरलेला बाजार. वाचणाऱ्याला हे जाणवत होतंच. यारखोंनी त्या जाणवण्याला माप दिलं, आणि दोन टोकांच्या मधली, कोणत्याही पंथात न बसणारी नाटकं कुठे पडतात तेही दाखवलं. १९३५ साली स्टॅलिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली, मग हद्दपारी, आणि १९४२ मध्ये मृत्यू. त्यांचं हे काम छापून यायला त्यानंतर कित्येक दशकं जावी लागली. पुढे रुमानियाचे गणिती सॉलोमन मार्कुस यांनी १९७०च्या आपल्या पुस्तकात पात्रं आणि प्रवेश यांचं कोष्टक मांडून नाटकाकडे पाहण्याची रीत स्वतंत्रपणे बसवली. दोघांच्याही हाताशी आजचा संगणक नव्हता.

यारखोंना एक सोय होती. फ्रेंच अभिजात नाटकात कोणी आत आलं किंवा बाहेर गेलं की छापील संहितेत नवा प्रवेश सुरू होतो, त्यामुळे प्रवेश मोजले की रंगमंचावर कोण कोण आहे ते आपोआप कळतं. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दिवाणखानी नाटकात अख्खा अंक एका प्रवेशाचा. तिथे कंसातल्या ‘जाते’, ‘येतो’, ‘आतून आवाज’ या सूचना एकेक करून वाचाव्या लागतात. आणि नाटककार पात्राला आत पाठवायला विसरला असेल तर तेही तेव्हाच उघडकीला येतं.

या क्षेत्राकडे अलीकडे लोकांचं लक्ष वेधलं ते फ्रँको मोरेत्ती यांनी २०११ साली ‘हॅम्लेट’चं जाळं काढलं तेव्हा. प्रत्येक पात्राचा एक ठिपका. दोन पात्रांमध्ये काही बोलणं झालं असेल तर त्यांना जोडणारी रेघ. एवढंच. मग त्यांनी एकेक ठिपका पुसून पाहिला. हॅम्लेटला काढलं तर जाळं दोन तुकड्यांत फाटू लागतं आणि ते तुकडे मोजक्या रेघांनी लोंबकळत राहतात. त्या उरलेल्या रेघांच्या टोकाशी जो असतो तो होरेशियो, ज्याच्यावर समीक्षकांनी फारशी शाई खर्च केलेली नाही. पहारेकरी, खलाशी, राजवाड्याबाहेरचं जग हे सगळं नाटकात येतं ते त्याच्या बाजूने. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ नावाने हे नाटक मराठीत आणलं, तेव्हापासून आपणही हॅम्लेटच्या मनाचीच चिकित्सा करत आलो आहोत. होरेशियो का लागतो, हा प्रश्न चित्र पाहिल्यावर सुचतो. मोरेत्तींनी हे जाळं हातानेच काढलं होतं, आणि त्यातलं उणंही त्यांनी कबूल केलं: राजाने होरेशियोला सांगितलेले मोजके शब्द आणि हॅम्लेट-होरेशियोचा सगळा संवाद, दोन्हींसाठी सारखीच एक रेघ.

हीच रीत ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ला लावून पाहिली तर काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या पद्धतींची ताकद आणि त्यांची हद्द दोन्ही इतक्या स्वच्छ दाखवणारं दुसरं मराठी नाटक मला माहीत नाही. तेंडुलकरांचं हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये केलं, बेणारे सुलभा देशपांडे यांनी उभी केली. गावातलं एक सभागृह, नाटकवाल्यांचा जथा, रिकामा वेळ आणि त्यात खेळायला घेतलेला अभिरूप खटला. सुरुवातीला बेणारे आणि सामंत दोघंच आहेत, मग काशीकर दांपत्य, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, बाळू रोकडे असे सगळे येतात आणि त्यानंतर जवळजवळ सगळेच शेवटपर्यंत समोर. आता जाळं काढा. प्रत्येक ठिपका बाकीच्या प्रत्येक ठिपक्याला जोडलेला. घनता जवळजवळ पूर्ण. ‘हॅम्लेट’मध्ये जे माप बोलकं होतं ते इथे काहीच सांगत नाही, कारण बंद दाराच्या एका खोलीत सगळेच सगळ्यांशी बोलतात.

आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडतं तो प्राध्यापक दामले चित्रात कुठेच नाही. तो आलेलाच नाही. त्याच्या नावावर एकही वाक्य नाही, म्हणून त्याला ठिपका नाही. अडाणी यंत्राची फजिती म्हणून हे सोडून देता येईल. पण कोष्टकात आणखी एक रकाना वाढवा: कोण कोणाचं नाव घेतं. आता दामले उगवतो, आणि अंकागणिक त्याच्याकडे रेघा वाढत जातात. दोन चित्रं शेजारी ठेवली, एक हजेरीचं आणि एक उल्लेखांचं, की ज्याला खटल्यात उभं करायला हवं तो गैरहजर आणि जी हजर आहे तिच्यावर सगळ्यांची बोटं, ही नाटकाची रचना कागदावर दिसू लागते. नाटक पाहिलेल्याला हे ठाऊक असतं. पण हाच उल्लेखांचा रकाना घेऊन शंभर नाटकांकडे गेलं तर मराठी नाटकात न येणारी माणसं किती नाटकं चालवतात हे कळेल, आणि ते आज कोणालाच ठाऊक नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. शेवटच्या अंकात आरोपी बेणारेला बोलायला दहा सेकंद दिली जातात. ती गप्प राहते. मग प्रकाश बदलतो, बाकीचे गोठतात, आणि ती दीर्घ स्वगत बोलते. संपल्यावर कोर्टाच्या लेखी आरोपीने काहीच निवेदन केलेलं नाही. शब्दमोजणीत हे स्वगत बेणारेच्या खात्यावर जमा होतं, आणि ‘तिला भरपूर बोलायला मिळालं’ असा आकडा निघतो. तो बरोबर आहे आणि पूर्णपणे दिशाभूल करणारा आहे. इथे ‘कोण बोलतं’सोबत ‘कोणी ऐकलं’ हाही रकाना हवा. तो भरणं यंत्राला जमणार नाही, वाचणाऱ्यालाच भरावा लागेल. आणि स्वगत, जनान्तिक, प्रेक्षकांशी केलेली सलगी असं सगळं त्या एका रकान्यात वेगवेगळं नोंदवता येईल.

यंत्राला वाचता यावी म्हणून संहितेत खुणा घालण्याची एक सर्वमान्य पद्धत जगभर वापरात आहे. हे भाषण अमक्याचं, ही रंगसूचना, हे पद, हा अंक, असं प्रत्येक तुकड्यावर लिहायचं. फ्रँक फिशर आणि पीअर ट्रिल्के यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘ड्राकोर’ हा नाटकांचा खुला संग्रह याच पायावर आहे. जर्मन, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, हंगेरियन, यिडिश, अगदी तातार आणि बाश्कीर भाषांतली मिळून हजारो नाटकं तिथे एकाच साच्यात ठेवली आहेत, आणि कोणीही ती उचलून आपले प्रश्न विचारू शकतो. गटेचं १७७३ सालचं ‘ग्योट्स’ आधीच्या आटोपशीर जर्मन नाटकांच्या शेजारी ठेवलं की त्यातली डझनावारी पात्रं आणि विरळ झालेलं जाळं नजरेत भरतं. शेक्सपिअर जर्मनीत पोचल्याची ती खूण. रशियन नाटकांत पुष्किनचं ‘बोरिस गदुनोव्ह’ तसंच उठून दिसतं.

मराठी नाटकावर या खुणा घालायला बसलं की पहिल्याच पानापासून गमती सुरू होतात. ‘सौभद्रा’त अर्जुन यतीचा वेश घेऊन द्वारकेत येतो. हा एक ठिपका की दोन? सुभद्रेच्या दृष्टीने तो यती आहे, प्रेक्षकाच्या दृष्टीने अर्जुन, कृष्णाला तर सगळंच ठाऊक. एकच धरला तर नाटकातली सगळी लपाछपी चित्रातून नाहीशी होते. दोन धरले तर सुभद्रेचं प्रियकराशी बोलणंच झालं नाही असं दिसतं. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर ब्राह्मणांची रांग क्षणात भिंत होते, क्षणात गर्दी, क्षणात कीर्तनातले टाळकरी. बारा ठिपके काढायचे की एकच जाडा? भिंतीला पात्र म्हणायचं का? मला यातलं एकच उत्तर खरं वाटत नाही. मी दोन्ही काढून पाहीन, आणि कोणतं का धरलं ते लिहून ठेवीन. जो अभ्यासक हे लिहीत नाही त्याच्या आलेखावर विश्वास ठेवू नये, तो कितीही रंगीत असला तरी.

त्याहून मोठी पंचाईत सुरुवातीचीच आहे. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या तारखेला आपण रंगभूमी दिन पाळतो. पण भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं त्या प्रसंगाला धरून आपापली भाषणं आयत्या वेळी बोलायची. भाव्यांची पदं छापलेली आहेत. राक्षस काय बोलला ते हवेत गेलं. म्हणजे मराठी नाटकाच्या पहिल्या काही दशकांना संहिता मोजण्याची रीत लागूच पडत नाही. कोकणातल्या दशावताराला ती आजही लागू पडत नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ची वसंत सबनिसांची संहिता छापील मिळते, पण लोक दादा कोंडक्यांना पाहायला जात होते ते त्यांनी त्या दिवशी काय नवीन घातलं हे ऐकायला. संगीत नाटकाची तीच कथा. कागदावर चार ओळींचं पद, आणि रंगमंचावर वन्समोअरमागून वन्समोअर घेत चाललेली मैफल. शब्द मोजून ‘गद्य जास्त, पद्य कमी’ असा निकाल देणाऱ्याला रात्रभर बसलेल्या प्रेक्षकांनी काय म्हटलं असतं ते सांगायला नको.

शब्दांपर्यंत पोचलं की भाषा आडवी येते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेल्या नाटकांत ‘नाहीं’, ‘आम्हीं’, ‘करणें’ असे अनुस्वार आहेत. संगणकाला ‘नाही’ आणि ‘नाहीं’ हे दोन वेगळे शब्द. ‘घर’, ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरापाशी’ हे चार वेगळे शब्द. बोलण्यातला सगळा ठसका ज्या ‘च’मध्ये असतो, तो मागच्या शब्दाला चिकटून बसतो आणि मोजणीतून निसटतो. इंग्रजीसाठी बनवलेली साधनं जशीच्या तशी उचलली तर निघणारे आकडे मराठीबद्दल नसतील, आपल्या जोडाक्षरांबद्दल आणि शब्दयोगी अव्ययांबद्दल असतील.

लेखक ओळखण्याचा खेळ याच शब्दमोजणीवर चालतो, आणि वर्तमानपत्रांना तो फार आवडतो. २०१६ च्या ‘न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर’ने ‘सहावा हेन्री’च्या तिन्ही भागांवर शेक्सपिअरसोबत त्याचा समकालीन नाटककार मार्लो याचं नाव घातलं, तेव्हा त्यामागे अशा मोजणीचा मोठा हात होता. त्यावर वाद अजून चालू आहे. मला या खेळाबद्दल थोडी अढी आहे, आणि तिचं कारण जुनं आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मेंडेनहॉल यांनी १९०१ साली शब्दांची लांबी मोजून शेक्सपिअर आणि बेकन यांचे आलेख काढले. मोजायचं काम दोन स्त्रियांनी केलं, एकेका अक्षराचा हिशेब ठेवत, लाखो शब्दांचा. आलेख वेगळे निघाले. शेक्सपिअरच्या नाटकांमागे बेकन आहे असं म्हणणाऱ्यांचं तोंड बंद झालं. मात्र मार्लोचा आलेख शेक्सपिअरशी तंतोतंत जुळला. पुढे लक्षात आलं ते असं की मेंडेनहॉल यांनी एकाचं पद्य आणि दुसऱ्याचं गद्य समोरासमोर ठेवलं होतं. माप लेखकांपेक्षा पद्य-गद्याचा फरक दाखवत होतं. गणित चोख, प्रश्न चुकलेला. गडकऱ्यांची आणि कोल्हटकरांची शैली यंत्राने वेगळी करून दाखवायला निघालेल्या उत्साही विद्यार्थ्याने पद, गद्य आणि विनोदी प्रवेश आधी वेगळे काढावेत.

संहितेपेक्षा मला स्वतःला जास्त ओढ आहे ती वहीखात्यांची. पॅरिसची कोमेदी-फ्रांसेज ही नाटक कंपनी १६८० मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून रोज रात्री तिच्या कारभाऱ्यांनी नोंद ठेवली: आज कोणती नाटकं झाली, कोणत्या दराची किती तिकिटं गेली, गल्ला किती. क्रांतीच्या धामधुमीत १७९३ मध्ये ती बंद पडेपर्यंतच्या या हस्तलिखित वह्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या आणि फ्रान्समधल्या अभ्यासकांनी मिळून डिजिटल रूपात आणल्या. आता मोलिएरचं एखादं नाटक कोणत्या हंगामात चाललं, कोणत्या हंगामात ओस पडलं, खालच्या दराची तिकिटं घेणारे कधी वाढले, हे दिवसागणिक पाहता येतं. नोव्हेंबर १७८९ मध्ये शेनिएच्या ‘नववा शार्ल’ या राजाविरुद्धच्या नाटकाला काय गर्दी लोटली याच्या कथा होत्याच; आता गल्ल्याचा आकडा शेजारी ठेवता येतो.

लंडनची गोष्ट सावध करणारी आहे. १६६० ते १८०० या काळातल्या तिथल्या प्रयोगांची जंत्री अकरा जाडजूड खंडांत छापली गेली होती. १९७०च्या दशकात बेन रॉस श्नायडर नावाच्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने ती संगणकावर चढवायचं मनावर घेतलं. खंड टंकायचं काम हाँगकाँगमध्ये करून घेतलं, यंत्राने ते वाचलं, आणि त्या काळाच्या मानाने अचाट असा माहितीसाठा तयार झाला. पुढे यंत्रं बदलली, फिती वाचता येईनात, आणि तो साठा हरवल्यात जमा झाला. मॅटी बर्कर्ट यांच्या गटाने उरलेसुरले अवशेष शोधून, दुरुस्त करून २०१९ मध्ये तो पुन्हा लोकांसमोर आणला. छापील खंड मात्र सगळा वेळ ग्रंथालयात शाबूत होते. डिजिटल केलं म्हणजे टिकलं, या समजुतीवर एवढा उतारा पुरे.

आपल्याकडे अशा सलग वह्या हाताशी नसल्या तरी सामग्री नाही असं कोणी म्हणू नये. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’पासून आजच्या दैनिकांपर्यंतच्या जाहिराती आहेत: नाटक, मंडळी, थिएटर, गाव, वेळ, तिकिटाचा दर. शं. ग. दात्यांची १८०० ते १९३७ या काळातली ‘मराठी ग्रंथसूची’ आहे. ती नावं, लेखक, वर्षं, प्रकाशनस्थळं यांनी खच्चून भरलेली आहे, फक्त रकान्यांत मांडायची बाकी आहे. आणि एक वेगळाच खजिना सरकारने आपण होऊन जमवलेला आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने इंग्रज सरकार नाटकांवर नजर ठेवू लागलं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली ती त्यातूनच. आजही महाराष्ट्रात नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी संहिता द्यावी लागते. लेखकांनी या मंडळाला लाख शिव्या घातल्या असतील, पण छापल्याच न गेलेल्या नाटकांच्या संहिता एका जागी कुठे मिळण्याची शक्यता असेल, तर ती तिथे.

या नोंदी वापरताना एक पथ्य पाळायचं. जाहिरातीतला प्रयोगक्रमांक हा जाहिरातीचा भाग असतो. निर्माता बदलला, नटसंच बदलला, मध्ये दोन वर्षं खंड पडला तर मोजणी कुठून धरली, हे विचारल्याशिवाय तो आकडा तक्त्यात चढवायचा नाही.

नकाशाबद्दल थोडं. ओस्लो विद्यापीठाने इब्सेनच्या नाटकांच्या जगभरच्या प्रयोगांचा एक साठा उभा केला आहे, आणि त्याच्या आधारे ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ पासून कोणत्या वाटेने जगभर गेलं याचा अभ्यास २०१६ मध्ये पुस्तकरूपाने आला. नाटक पसरलं त्यात दौऱ्यांवर निघालेल्या नट्यांचा वाटा किती मोठा होता, हे त्यात दिसतं. मराठीशी याचा थेट संबंध आहे. अनंत काणेकरांचं ‘घरकुल’ हे याच नाटकाचं रूपांतर. रांगणेकरांच्या १९४२ च्या ‘कुलवधू’वर त्याची छाया उघड आहे. ‘घरकुल’ त्या नकाशावर बसेल. ‘कुलवधू’चं काय करायचं? तिला ठिपका द्यायचा तर प्रभाव मोजायचा कसा, आणि नाही द्यायचा तर ‘अ डॉल्स हाउस’च्या नायिकेचा, नोराचा, मराठीतला सर्वांत लोकप्रिय वारसा नकाशावरून पुसला गेला. स्वच्छ नकाशा हवा असेल तर असे घोटाळे वगळावेच लागतात. म्हणून स्वच्छ नकाशा दिसला की वगळलेल्यांची यादी मागावी.

प्रयोगांच्या चित्रफितींवरचं काम अजून बाल्यावस्थेत आहे. सिंगापूरच्या मिगेल एस्कोबार वरेला यांनी जावा बेटावरच्या वायांग या छायानाट्यावर जे केलं आहे ते पाहण्यासारखं आहे, आणि त्यांचं २०२१ चं ‘थिएटर अ‍ॅज डेटा’ हे पुस्तक या विषयात शिरणाऱ्याने आधी वाचावं. बाकी यंत्राने नटाच्या हाताचे कोन मोजून अभिनयाबद्दल काही सांगितल्याचे दावे मी तूर्त बाजूला ठेवतो.

आता एक गाठ, जिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. म्हणजे किर्लोस्कर, देवल, गडकरी, कोल्हटकर, खाडिलकर यांची नाटकं मुक्त आहेत. मामा वरेरकरांची १ जानेवारी २०२५ पासून झाली. अत्र्यांसाठी २०२९ संपेपर्यंत थांबावं लागेल, तेंडुलकरांसाठी २०६८. आता जुळवून पाहा. जी नाटकं खुलेपणाने यंत्रात घालता येतात ती बहुतेक संगीत नाटकं, म्हणजे ज्यांत संहिता हा प्रयोगाचा लहानसा भाग होता. आणि ज्यांत शब्द न् शब्द, थांबा न् थांबा नाटककाराने कागदावर बांधून दिला, ती कुलुपात. त्यामुळे मराठी नाटकाचा पहिला मोठा संग्रह उद्या कोणी केलाच, तर तो संहिता मोजण्याला सगळ्यांत कमी अनुकूल असलेल्या नाटकांचा असेल. यावर उपाय दोनच: संगीत नाटकांच्या संहितेसोबत ध्वनिमुद्रिका, जाहिराती, आठवणी यांच्या नोंदी जोडत जाणं, आणि नंतरच्या नाटककारांच्या वारसांकडून अभ्यासापुरती परवानगी मिळवणं. दुसरं काम विद्यापीठांचं आहे. त्यांनी ते करावं.

पुढच्या प्रकरणांत साधनं, खुणा घालण्याच्या पद्धती आणि आलेख वाचण्याची रीत क्रमाने येते. प्रोग्रामिंग येत नसेल तरी वाचकाचं अडणार नाही. एक नाटक घ्यावं, एक्सेलचा एक तक्ता उघडावा, आणि प्रत्येक भाषणाला एक ओळ द्यावी: अंक, बोलणारा, ज्याला उद्देशून तो, रंगमंचावर हजर असलेले, उल्लेख झालेले. पहिल्या अंकाला आठवडा लागेल. सारा शीण या अंकातच असतो, पुढे हात बसतो.

आणि एक विनंती, नाटकवाल्यांच्या घरच्यांना. माळ्यावर प्रॉम्प्टरची खुणा केलेली वही, दौऱ्याच्या खर्चाची चोपडी, हँडबिलं, तिकिटांची अर्धुकं असतील तर रद्दीत देऊ नका. खर्चाची चोपडी मोडीत असेल, कळत नसेल, तरी देऊ नका. प्रत्येक पानाचा मोबाइलवर सरळ उजेडात फोटो काढा, नाटक, गाव आणि तारीख माहीत असेल तेवढी सोबत लिहा, आणि मूळ कागद जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन द्या. तिथे घेत नसतील, तर घेईपर्यंत मागे लागा.